घरच्या भट्टीतली लोहारकी आणि सुऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात किंवा पडवीत सुट्टीच्या दिवशी लोखंड तापवून सुरी, खुरपं, विळा घडवू पाहणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. कारखाना काढायचा असेल तर त्याचे नियम वेगळे. तलवार करायची असेल तर आधी खालचं कायद्याचं उत्तर वाचा.

लोहारकी अजिबात येत नाही. तरी सुरी बनवता येईल का?

येईल. सुरी दोन प्रकारे होते. एक, पोलाद तापवून, ठोकून आकार देणं. दोन, पोलादाच्या पट्टीवर आकार आखून तो कापणं आणि उरलेलं घासून काढणं. दुसऱ्या पद्धतीत हातोडा लागतच नाही. सुरी चांगली की वाईट हे ठरतं ते पोलाद कोणतं, त्याला पाणी कसं दिलं (म्हणजे तापवून, झटकन विझवून कडक कसं केलं) आणि धार किती पातळ ठेवली यावर. ही तिन्ही कामं दोन्ही पद्धतींत सारखीच आहेत. म्हणून आमचा सल्ला असा, की पहिल्या दोन-तीन सुऱ्या घासून करा आणि हातोड्याचा सराव हूक, चिमटा, खुरपं अशा वस्तूंवर वेगळा चालू ठेवा. खुरपं वाकडं झालं तरी तण काढतं.

पहिली सुरी केवढी असावी?

पातं चार इंच, पट्टीची जाडी ३ मिमी, पाठ सरळ. पहिल्याच दमात फूटभर लांबीचा शिकारी सुरा करायची हौस बहुतेकांना असते. पण पातं जितकं लांब आणि पातळ, तितकं ते पाणी देताना वाकतं. शिवाय तेवढं पातं एकसारखं तापवायला भट्टीही मोठी लागते.

कोणतं पोलाद घ्यावं?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाला द्या, खर्च नंतर करा. कडक होण्यासाठी पोलादात पुरेसा कार्बन हवा. साध्या लोखंडी पट्टीत, ज्याला बाजारात एमएस म्हणतात, तो पाव टक्क्याच्या आत असतो. ती कितीही तापवून विझवली तरी धार धरत नाही. बांधकामाच्या टीएमटी सळईचंही तेच. सळईची सुरी दिसायला झकास होते आणि टोमॅटोवर घसरते.

आपल्याकडे सहज मिळणारी आणि उपयोगाची पोलादं अशी: ट्रकच्या पाट्याचं स्प्रिंग स्टील, म्हणजे बहुधा एन ४५ किंवा त्याच्या जवळचं. त्यात कार्बन अर्धा ते ०.६ टक्का आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के असतो. ते चिवट असतं, त्यामुळे कोयता, कुऱ्हाड, जाड सुरा यांना उत्तम. दुसरं ओएचएनएस, म्हणजे डाय (कारखान्यातले साचे) बनवणारे वापरतात ते तेलात कडक होणारं पोलाद. त्यात कार्बन ०.९ टक्क्याच्या आसपास असतो आणि ते सपाट पट्टीच्या रूपात मिळतं. स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी आमची पहिली पसंती हीच. तिसरं एन ३१, बेअरिंगचं पोलाद. त्यात कार्बन सुमारे एक टक्का, शिवाय क्रोमियम. धार फार बारीक घेतं, पण तापमान नेमकं सांभाळावं लागतं, म्हणून ते तूर्त बाजूला ठेवा. जुनी कानसही चांगली, कार्बन एक टक्क्याच्या वर. मात्र काही स्वस्त कानशी फक्त वरच्या थरात कडक केलेल्या असतात आणि आत मऊ लोखंड असतं.

भोसरी, कोल्हापूरचं उद्यमनगर, मुंबईची नागदेवी स्ट्रीट अशा ठिकाणी टूल स्टील विकणारे व्यापारी असतात आणि काही जण छोटे तुकडेही कापून देतात. नवीन पट्टी भंगारापेक्षा महाग पडते, पण आपल्या हातात काय आहे ते माहीत असतं. सुरुवातीला त्याचीच गरज असते.

पण भंगार फुकटात मिळतं. ते का नको?

नको असं नाही, तपासून घ्या. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार किंवा कुठल्याही गावचं भंगाराचं दुकान, दोन्हीकडे पाटे, कानशी, करवतीची पाती किलोवर मिळतात. अडचण अशी, की वापरून थकलेल्या पाट्यात केसाएवढ्या बारीक भेगा असतात. त्या तुम्हाला दिसतात पाणी दिल्यावर, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर. हमरस्त्याला पाटे बसवणारी वर्कशॉप असतात, तिथे नव्या पाट्यांचे कापून उरलेले तुकडे मागा. ते कधीही बरे.

अनोळखी तुकडा ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि साध्या रेघेत जातात. कार्बन जास्त असला तर रेघ आखूड होते आणि टोकाला दाट फुलबाजी फुटते. त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे एक बोटभर तुकडा तापवून तेलात विझवायचा, शिकंजात (व्हाइसमध्ये) धरायचा, वर फडकं टाकायचं आणि हातोड्याने मोडायचा. वाकला तर सुरीला निकामी. कट्कन मोडला तर मोडलेली जागा पाहा. राखाडी, मखमली दिसली तर पोलादही चांगलं आणि तापमानही बरोबर. साखरेसारखे चमकते दाणे दिसले तर तुम्ही जास्त तापवलंत.

पॉवर हॅकसॉचं जाड पातं बहुधा हाय स्पीड स्टीलचं असतं. ते घरच्या भट्टीत घडवायच्या भानगडीत पडू नका. ते आधीच कडक असतं आणि ग्राइंडरवर बरंच तापलं तरी मऊ पडत नाही, त्यामुळे नुसतं घासून त्याची छान छोटी सुरी होते. ठिसूळ असते एवढंच, खाली पाडायची नाही.

भट्टी कोळशाची की गॅसची?

गाव असेल, अंगण असेल तर कोळसा. लोखंडी घमेलं किंवा ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, आत माती-वाळूचा जाड लेप, खालून एक लोखंडी पाइप आणि त्याला हेअर ड्रायर किंवा हाताने फिरवायचा पंखा. एवढ्यात पोलाद पिवळंधमक होतं. इस्त्रीवाले वापरतात तो लोणारी कोळसा स्वच्छ जळतो, पण भराभर संपतो. दगडी कोळसा टिकतो, मात्र धूर आणि गंधक दोन्ही देतो, शेजारीही दुरावतात. नदीतले गोटे किंवा साधं काँक्रीट भट्टीला वापरू नका. आतली ओल तापून ते फुटतात.

गॅसची भट्टी शांतपणे, एकसारखी तापते आणि पाणी द्यायच्या कामाला तीच सोयीची. आत सिरॅमिक फायबरचं अस्तर असतं. त्याचे तंतू फुप्फुसात जातात, म्हणून त्यावर रिफ्रॅक्टरी, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या, सिमेंटचा लेप दिल्याशिवाय भट्टी पेटवू नये.

पाइप जस्त चढवलेला, म्हणजे जीआयचा, घेऊ नका. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्या पांढऱ्या धुराने त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. क्रोमचा मुलामा असलेलं भंगारही भट्टीत घालायचं नाही.

घरचा स्वयंपाकाचा सिलिंडर लावला तर?

नाही. १४.२ किलोचा लाल सिलिंडर फक्त घरगुती स्वयंपाकासाठी असतो, दुसऱ्या कामाला वापरणं नियमाविरुद्ध आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर किंवा खुल्या विक्रीचा ५ किलोचा घ्या. रेग्युलेटरही जास्त दाबाचा वेगळा लागतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे तळघर, बंद गॅरेज, जिन्याखालची खोली या जागा बाद.

ऐरण कुठून आणायची? रेल्वेचा रूळ चालतो का?

रुळाचा तुकडा ऐरण म्हणून छान चालतो आणि म्हणूनच हा प्रश्न नाजूक आहे. रूळ ही रेल्वेची मालमत्ता आहे. चोरीचा रूळ जवळ बाळगणं हा १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा आहे. लिलावातून आलेला, पावती असलेला तुकडाच घ्या. पावती नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. नाहीतर पोलादाचा कुठलाही जाड ठोकळा चालतो. १५-२० किलोचा ठोकळा लाकडी ओंडक्यात घट्ट बसवला की सुऱ्यांचं काम भागतं. उंची अशी ठेवा, की उभं राहून मूठ वळून हात खाली सोडला तर बोटांचे सांधे ऐरणीला टेकावेत. हातोडा एक किलोचा पुरे, जड हातोड्याने मनगट जातं. घणाची गरज घरात पडत नाही.

फ्लॅटमध्ये जमेल का?

घासून सुरी करणं जमेल, ठोकणं नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि ऐरणीचा पहिलाच घाव ती ओलांडतो. गॅलरीत शिकंजा लावा, कानशीने पातं तयार करा आणि पाणी द्यायला बाहेर पाठवा. तेही जमतं, पुढे सांगितलं आहे.

लोखंड नेमकं किती तापवून ठोकायचं?

केशरी ते पिवळ्या रंगात ठोकायचं आणि काळपट लाल झालं की थांबायचं. पोलाद गार होत आल्यावर ‘अजून दोन घाव’ मारण्याचा मोह होतो आणि पाठीवर भेग पडते ती तेव्हाच. उलट पोलादातून पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या तर तेवढा भाग जळाला, तो कापून टाका. रंग ओळखायचे तर सावलीत काम करा. उन्हात तापलेलं पोलादही गार दिसतं, आणि भाजण्याचे बरेच प्रसंग असेच घडतात.

पाणी देणं म्हणजे पाण्यातच बुडवायचं का?

लोहार पिढ्यान्पिढ्या पाणी देतात आणि खुरपं, कुदळ यांना पाणी ठीकही आहे. सुरीचं पातळ पातं मात्र पाण्यात तडकतं. वर सांगितलेली पोलादं तेलात विझवायची. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचं तेल चालतं. ते आधी ५०-६० अंशांपर्यंत कोमट करायचं, कारण कोमट तेल पातळ असतं आणि उष्णता लवकर ओढून घेतं. गाडीचं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं, पण त्याचा धूर विषारी असतो.

होतं काय, ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. पोलाद एका ठराविक तापमानाच्या वर गेलं की त्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. सावकाश गार केलं तर तो वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहतं. झटकन गार केलं तर त्याला वेगळं व्हायला वेळच मिळत नाही, तो अडकून बसतो आणि पोलाद काचेसारखं कडक, ठिसूळ होतं. हा ठिसूळपणा नंतर थोडा उतरवायचा असतो.

लोखंड ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासं होतं. म्हणून भट्टीजवळ चुंबक टांगून ठेवतात. पण चुंबक सुटला म्हणजे काम झालं, असं नाही. तिथून अजून थोडं वर, साधारण ८०० ते ८२० अंशांपर्यंत न्यायचं, म्हणजे लाल रंग एक छटा उजळायचा. ओएचएनएस त्या रंगावर काही मिनिटं धरून ठेवावं लागतं, लगेच बुडवलं तर अर्धवटच कडक होतं. सगळं पातं एका रंगाचं दिसलं पाहिजे. टोक आधी तापतं आणि जळतंही आधी, त्यामुळे पातं भट्टीत पुढे-मागे हलवत राहा.

घडवलेल्या पात्याला त्याआधी तीनदा त्याच लालीपर्यंत तापवून हवेत गार होऊ द्या. ठोकताना पोलादात बसलेले ताण त्याने निघतात आणि दाणा बारीक होतो. हे टाळणाऱ्यांचीच पाती जास्त वाकतात.

मग पातं टोकाकडून सरळ उभं तेलात घाला. आडवं घातलं तर एक बाजू आधी गार होते आणि पातं केळीसारखं वळतं. अर्धवट बुडवून थांबू नका, तेल पेटतं. भांडं लोखंडी आणि झाकणाचं हवं, प्लास्टिकची बादली कधीही नाही. पेटलंच तर झाकण टाका. पाणी ओतलंत तर पेटतं तेल अंगावर येईल.

धारेची कड यावेळी एक मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवा. आधीच पातळ केली तर तिथूनच तडा जातो. पोलादाने गार होताना ‘टिंग’ असा आवाज केला तर भेग शोधायला लागा. पातं वाचत नाही.

कडक झालं हे कसं कळतं?

नवी कानस धारेवरून फिरवा. काचेवरून जावी तशी घसरली तर कडक झालं. वरचा काळा थर आधी घासून काढा, त्याखाली पातळसा मऊ थर असतो आणि तो फसवतो.

ठिसूळपणा कसा उतरवायचा? ओव्हन चालेल?

चालतो. कडक झाल्या झाल्या पातं धुऊन पुसा आणि २०० अंशांवर दोन तास ठेवा. गार होऊ द्या, पुन्हा दोन तास. स्वयंपाकाच्या सुरीला २०० ते २२०, ज्याला मार सोसायचा आहे त्या कोयत्याला २५० ते २७०. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. पातं वाळूच्या ट्रेमध्ये पुरा आणि आत एक ओव्हन थर्मामीटर ठेवा. पातं चकचकीत घासून ठेवलं असेल तर रंगही सांगतो: फिकट पिवळा आला तर बरोबर, तपकिरी म्हणजे मऊपणाकडे, निळा आला तर सुरीसाठी वाया. ज्या ओव्हनमध्ये नानकटाई भाजता तोच वापरणार असाल तर पातं साबणाने धुवाच. जळक्या तेलाचा वास दिवाळीपर्यंत पुरतो.

हे सगळं बाहेरून करून घेता येईल का?

येतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. औद्योगिक वसाहतींमध्ये हीट ट्रीटमेंटची, म्हणजे पाणी देण्याची आणि ठिसूळपणा उतरवण्याची, जॉबवर्क करणारी युनिटं असतात. दर किलोवर असतो आणि किमान रक्कम ठरलेली असते, त्यामुळे चार-पाच पाती जमवून एकदम द्या. पोलाद नेमकं कोणतं ते सांगा आणि स्वयंपाकाच्या सुरीसाठी ५८ ते ६० एचआरसी (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) मागा. भोकं आधी पाडून द्या, नंतर ड्रिल चालणार नाही. स्टेनलेसची सुरी करायची तर हाच एक मार्ग, कारण त्याला हजार अंशांच्या वर नेमकं धरावं लागतं. घरच्या भट्टीत ते होत नाही.

बेल्ट ग्राइंडर लागतोच का?

नाही. कानस, शिकंजा आणि धीर यांवर उत्तम सुरी होते. २ बाय ७२ इंचांच्या पट्ट्याचं मशीन वेळ वाचवतं, पण नवख्याच्या हातात चूकही तितक्याच वेगाने करतं. घेतलंत तर कडक केलेलं पातं उघड्या हाताने धरा आणि दर फेरीनंतर पाण्यात बुडवा. धारेवर निळा डाग उमटला की तिथलं पाणी उतरलं. फिरत्या मशीनवर कापडी हातमोजे घालायचे नाहीत, पट्टा मोज्यासकट हात ओढतो.

मूठ कशाची करावी?

शिसव, बाभूळ, चिंच, जुन्या दाराचं सागवान. लाकूड पुरतं वाळलेलं हवं, नाहीतर उन्हाळ्यात आकसून पोलाद बाहेर डोकावतं. पितळी सळीच्या पिना आणि सावकाश सुकणारं दोन नळ्यांचं अराल्डाइट वापरा, पाच मिनिटांचं नको. म्हशीचं शिंगही सुंदर दिसतं, घासताना मात्र घाण वास येतो आणि धूळ छातीत जाते, मास्क लावाच. सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, शिंग जंगलात गळून पडलेलं असलं तरी. ‘जुनं आहे, चालतं’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

सुरी बनवणं कायदेशीर आहे का?

स्वयंपाकाची आणि शेतीची हत्यारं करायला हरकत नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये तलवारी, खंजीर आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं एका वर्गात घातली आहेत. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे कोयता हा शेतीचं अवजार म्हणून ठीक, पण दुधारी खंजीर किंवा तलवार घडवायची असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारा. ‘शोभेची आहे’ एवढं उत्तर पुरत नाही.

जवळ बाळगून फिरणं ही वेगळी गोष्ट. सण, निवडणुका, मोर्चे या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सुऱ्याही येतात. मित्राला भेट द्यायची असेल तर गुंडाळून, पिशवीच्या तळाशी ठेवून न्या. कमरेला लावून फोटो काढायचा मोह आवरा.

डमास्कस पोलाद घरी जमेल का?

आज त्या नावाने विकलं जातं ते दोन पोलादांचे थर एकमेकांत जोडून केलेलं असतं. दक्षिण भारतातून जगभर गेलेलं वूट्झ वेगळं. ते मुशीत वितळवून केलेलं एकसंध पोलाद होतं आणि त्याची नक्षी आतूनच उमटायची. थरांची जोडणी टाकणखार टाकून, १२०० अंशांच्या वर, जवळजवळ पांढऱ्या तापावर करतात. एक थर नीट जुळला नाही तर सगळं फुकट. साधी सुरी दहा वेळा नीट जमल्यावर विचार करा. नक्षी उठवायला फेरिक क्लोराइड लागतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं.

सुरक्षिततेसाठी किमान काय हवं?

डोळ्यांना चष्मा, अपवाद नाही. सुती कपडे, टेरिकॉट कातडीला चिकटतं. बंद बूट. घासताना चांगला मास्क. वाळूची बादली. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका. बंद खोलीत कोळसा पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गावातल्या लोहाराकडे शिकता येईल का?

नक्की विचारा. घिसाडी कुटुंबं रस्त्याकडेला पाल टाकून काम करतात. तिथे पुरुष सांडशीने लोखंड फिरवतो आणि बाई घण मारते. दोघांत शब्द न बोलता चाललेली ती लय पाहूनच बरंच शिकायला मिळतं: लोखंड कधी फिरवायचं, कधी परत भट्टीत घालायचं. फुकट वेळ मागू नका. चार विळे त्यांच्याकडून घ्या, मग प्रश्न विचारा. गिऱ्हाईक नसताना दुपारी जा, पेरणीच्या तोंडावर नको. तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते.

माझी सुरी गंजते. काही चुकलं का?

चुकलं काहीच नाही, हे पोलाद गंजणारच. विळीही गंजते. कांदा, टोमॅटो, कोकम कापून पातं राखाडी-काळं पडतं ते चालतं, तो थर उलट गंज रोखतो. लाल गंज मात्र घासून काढा. काम झालं की लगेच धुऊन पुसून ठेवा, सिंकमध्ये टाकू नका. कोकणातल्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत खातं.